कॅमेऱ्याला थंडी वाजत नाही!

फिल्म क्लबच्या रूमबाहेरची नोटीस तुम्ही वाचली असेलच. व्हिडिओ कॅमेरा यापुढे कॅम्पसबाहेर मिळणार नाही. कारण त्यात लिहिलेलं नाही, पण ते कारण म्हणजे मी. हॉस्टेलमध्ये बऱ्याच कथा फिरताहेत (कॅमेरा बर्फात पडला, गोठून फुटला वगैरे), म्हणून आधी खरं काय ते सांगतो आणि मग माझं मत.

गेल्या जानेवारीत आम्ही चौघे लेहला गेलो होतो. तिथे तळी गोठली की आइस हॉकी सुरू होते आणि मुलीही जबरदस्त खेळतात. भारताच्या महिला संघात बहुतेक जणी लडाखच्याच. त्यांच्या प्रॅक्टिसवर दहा मिनिटांची फिल्म करायची होती. सकाळी तापमान उणे १५ च्या आसपास. कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमध्ये मागच्या पानांवर बारीक अक्षरात लिहिलंय, ० ते ४० अंश. ते आम्ही परत आल्यावर वाचलं!

पहिला दणका बॅटरीचा. ६० टक्के दाखवत होती आणि पाच मिनिटांत कॅमेरा बंद. आम्ही दुकानदाराला शिव्या घातल्या. बाजूला उभ्या असलेल्या एका लडाखी मुलाने हसून सांगितलं, खिशात ठेवा. अर्ध्या तासाने तीच बॅटरी परत चालू! थंडीत लिथियम-आयन सेलमधले आयन सुस्तावतात, आतला रोध वाढतो, कॅमेऱ्याने करंट मागितला की व्होल्टेज खाली बसतं आणि कॅमेऱ्याला वाटतं बॅटरी संपली. चार्ज आतच असतो. हा प्रश्न आम्हाला परीक्षेत होता आणि त्यात मला चांगले मार्क्स होते. असो. मात्र गारठलेली बॅटरी तशीच चार्जरला लावू नका. शून्याखाली चार्ज केलं तर लिथियम धातू होऊन आत जमतं आणि ते नुकसान कायमचं.

पण कॅमेरा बॅटरीमुळे गेला नाही. थंडीमुळेही नाही.

संध्याकाळी आम्ही घरमालकांच्या स्वयंपाकघरात आलो. मधोमध बुखारी पेटलेली, वर किटली, बाजूला थुकपा उकळतोय. मला वाटलं, बिचारा दिवसभर गारठलाय, म्हणून मीच कॅमेरा बुखारीच्या शेजारी ठेवला. दोन मिनिटांत सगळ्या अंगावर पाणी! लेन्स पुसली, पण आतून धुकं होतंच. तशातच फुटेज बघायला कॅमेरा चालू केला. दुसऱ्या दिवशी तसाच बाहेर नेला तर आतलं पाणी गोठलं, फोकसची रिंग अडकली आणि दुपारनंतर स्क्रीन काळी ती काळीच.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मला फक्त ‘ड्यू पॉइंट’ माहीत होता, तोही फॉर्म्युला म्हणून. ‘दवबिंदू’ हा शब्द मला आत्ता हा लेख लिहिताना रूममेटने सांगितला. २० अंशांच्या खोलीत ५० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण ९ अंश. म्हणजे ९ अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर दव पडणारच, आणि आमचा कॅमेरा तर शून्याच्याही कितीतरी खाली! उपाय दहा रुपयांचा. बाहेर असतानाच कार्ड आणि बॅटरी काढून घ्या, कॅमेरा झिपलॉकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि मग आत आणा. दव पिशवीवर पडेल. दोन-तीन तास पिशवी उघडायची नाही, कितीही मोह झाला तरी.

यात नवीन काहीच नाही. १९१० ते १९१३ च्या स्कॉटच्या अंटार्क्टिका मोहिमेवर हर्बर्ट पाँटिंग हा फोटोग्राफर होता. त्याचा चित्रपटाचा कॅमेरा हाताने फिरवायचा, बॅटरीचा प्रश्नच नाही. पण दवाचा त्रास त्यालाही झाला आणि तो कॅमेरे झोपडीबाहेर थंडीतच ठेवू लागला. एकदा त्याची जीभ कॅमेऱ्याच्या धातूला लागून चिकटली आणि कातडं निघालं. (ट्रायपॉड पकडताना हातमोजे का घालायचे ते कळलं ना?)

आता नोटीस. सर, चूक आमची होती, रिपेअरचे पैसेही आम्ही भरतोय. पण कॅमेरा कुलपात ठेवून वाचतो, हे मला पटत नाही. त्याच कपाटातल्या दुसऱ्या लेन्सला गेल्या पावसाळ्यात बुरशी लागली, आणि ती तर कधी गेटबाहेरही गेली नव्हती. दमट हवेत बंद कपाट लेन्ससाठी लेहपेक्षा वाईट. तिथे सिलिका जेलच्या पुड्याही कोणी ठेवल्या नाहीत, आम्हीसुद्धा नाही. कॅमेरा आम्ही वापरल्यामुळे नाही, न शिकता वापरल्यामुळे बिघडला. बंदी घातली तर पुढची बॅचही न शिकताच पास होईल.

माझी सूचना एवढीच, की ज्याला कॅमेरा बाहेर न्यायचाय त्याची आधी एक तास परीक्षा घ्या. थंडीत जाणार असेल तर तीही इथेच घेता येते. मेसचा डीप फ्रीझर उणे १८ पर्यंत जातो. जुना बिघडलेला कॅमेरा पिशवीत घालून रात्रभर ठेवायचा, सकाळी बाहेर काढायचा आणि पिशवी कधी उघडायची ते विद्यार्थ्याने सांगायचं. मेसच्या काकांना मी विचारलंय. ते तयार आहेत, फक्त मटाराच्या पाकिटांना हात लावायचा नाही म्हणाले. अर्ज सोमवारी ऑफिसमध्ये दिलाय. सही करायची असेल त्यांनी माझ्या रूमवर या, मी रात्री जागाच असतो.