डोळे मिटल्यावर पडणारे चौकोन

सहावीच्या उन्हाळी सुटीत मामाने मला राखाडी पडद्याचा ‘ब्रिक गेम’ आणून दिला. वरून एकेक आकृती उतरे. ती फिरवून खालच्या फटीत नेमकी बसवायची. ओळ भरली की नाहीशी होई. रात्री डोळे मिटले तरी त्या आकृत्या पडतच राहत. आपल्याला काही विकार जडला असावा, या भीतीने मी ते कोणालाही सांगितले नाही.

या खेळाचे मूळ नाव टेट्रिस. १९८४ साली मॉस्कोतील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजितनोव यांनी तो रचला. ‘पेंटॉमिनो’ हे पाच-पाच चौकोनांच्या बारा तुकड्यांचे कोडे त्यांच्या आवडीचे होते. त्यावरूनच चार-चार चौकोनांच्या सात आकृत्या आल्या. म्हणजे हा खेळही एका जुन्या कोड्याच्या प्रेमातूनच जन्मला.

माझ्या भीतीचे उत्तर पुष्कळ उशिरा मिळाले. हार्वर्डचे निद्रासंशोधक रॉबर्ट स्टिकगोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी टेट्रिस खेळलेल्या व्यक्तींना झोप लागतानाचे अनुभव विचारले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अनेकांनी पडत्या आकृत्या दिसल्याचे सांगितले. स्मृतिभ्रंशामुळे आपण हा खेळ खेळलो हेच न आठवणाऱ्या काही रुग्णांनाही त्या दिसल्या होत्या! झोपेच्या उंबरठ्यावर मेंदू नव्या अनुभवाची उजळणी करीत असावा. माझा तो विकार नव्हता.

ते खेळणे कधीच मोडले. पण कोड्यांची गोडी राहिली. शब्दकोडे असो वा सुडोकू, मोजक्या जागेत नेमके बसवण्याचा आनंद मला अजूनही तोच वाटतो.

गेल्या महिन्यात रात्री उशिरा लेकीच्या हातून मी मोबाइल हिसकावून घेतला. ती रडवेली होऊन म्हणाली, “आई, डोळे मिटले तरी ते तुकडे दिसतात गं.” मी थबकले. तिला जवळ घेऊन माझी सहावीतली गोष्ट सांगितली, तेव्हा कुठे ती निवांत झाली.

आता आमच्या घरी झोपण्यापूर्वी तासभर पडदा बंद असतो. तो नियम मी सैल केलेला नाही. मात्र संध्याकाळी आम्ही दोघी चौकटीच्या कागदावर तुकडे कापून कोडी रचतो. पालकांनो, मूल किती वेळ खेळले हे अवश्य मोजा. त्याला त्यात काय आवडले, हेही एकदा विचारा.