सर्वात अवघड नकार

इंग्रजी कादंबऱ्यांतल्या तीन मुलींबद्दल मला लिहायचे आहे. पहिली शार्लट ब्राँटीची जेन एअर (१८४७), दुसरी थॅकरेच्या 'व्हॅनिटी फेअर'मधली बेकी शार्प (१८४७-४८) आणि तिसरी जेन ऑस्टिनच्या 'मॅन्सफिल्ड पार्क'मधली फॅनी प्राइस (१८१४). जेन आणि बेकी अनाथ आहेत. फॅनीचे आईवडील हयात आहेत, पण गरिबीमुळे तिला लहानपणीच श्रीमंत नातेवाइकांकडे पाठवलेले आहे. तिघींपैकी कोणाचेही हक्काचे घर नाही.

यांच्यात सर्वात शूर कोण, असे विचारले तर बहुतेक वाचक जेनचे नाव घेतात. ज्यांना चलाख माणसे आवडतात ते बेकीचे घेतात. फॅनीचे नाव सहसा कोणी घेत नाही. ऑस्टिनने आपल्या कादंबरीवरची ओळखीच्यांची मते लिहून ठेवली होती. त्यांत तिच्या स्वतःच्या आईचेच मत असे आहे की फॅनी अगदी बेचव आहे. तरीही माझे मत फॅनीला आहे. का, ते सांगतो.

आमच्या डॉर्मिटरीत या पुस्तकांना 'मुलींची पुस्तके' म्हणतात. मला हे पटत नाही. जेन दहा वर्षांची असताना लोवुडच्या निवासी शाळेत जाते. फॅनी दहा वर्षांची असताना मॅन्सफिल्डला येते. आपल्यातले बहुतेक जण दहाव्या-अकराव्या वर्षीच ट्रंकेवर नाव रंगवून इथे आले. आपण अनाथ नाही, रविवारी आई-बाबांशी फोनवर बोलतो. पण नव्या छताखाली पहिल्या रात्री झोप का लागत नाही, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. म्हणून ही पुस्तके जितकी मुलींची तितकीच आपलीही आहेत.

या तिघींची खरी अडचण गरिबी नाही. मराठीत त्या अडचणीला नेमका शब्द आहे, मिंधेपणा. जेवण मिळते, अंथरूण मिळते, शिक्षणही मिळते, पण प्रत्येक घासामागे कोणाचे तरी उपकार असतात. जेनला तिची मामी, मिसेस रीड, आठवण करून देत राहते की ती आश्रित आहे. फॅनीला तिची एक मावशी, मिसेस नॉरिस, बजावते की तिने स्वतःला सगळ्यांत खालच्या पायरीवर समजावे. फॅनीच्या बसायच्या खोलीत कडाक्याच्या थंडीतही विस्तव पेटवायचा नाही, हा त्याच मावशीचा हुकूम. बेकी चित्रकला शिकवणाऱ्या एका कफल्लक माणसाची मुलगी. ती मिस पिंकर्टनच्या शाळेत राहते, पण फीच्या बदल्यात तिला लहान मुलींशी फ्रेंच बोलावे लागते. मिंधे माणूस काय करते, यावर तीन लेखकांनी तीन उत्तरे दिली आहेत.

बेकीचे उत्तर असे की जगाने आपल्याला वापरण्याआधी आपण जगाला वापरावे. शाळा सोडताना भेट मिळालेला जॉन्सनचा शब्दकोश ती गाडीच्या खिडकीतून परत फेकते. हा प्रसंग वाचताना टाळी वाजवावीशी वाटते. पुढे वॉटर्लूच्या लढाईच्या वेळी ब्रसेल्समध्ये पळापळ होते. तिचा नवरा रणांगणावर असतो आणि ती घाबरलेल्या जॉस सेडलीला घोडे अवाच्या सवा किमतीला विकते. डोके थंड ठेवणे हा गुण मानला तर बेकीला पैकीच्या पैकी गुण मिळतील. पण ती नकार कशाला देते ते पाहा. म्हातारा श्रीमंत सर पिट क्रॉली तिला लग्नाची मागणी घालतो आणि ती नाही म्हणते. कारण एवढेच की तिने त्याच्याच मुलाशी आधीच गुपचूप लग्न केलेले असते. त्या वेळी तिच्या डोळ्यांत आलेले अश्रू खरे आहेत, आणि ते हातची संधी गेल्याचे आहेत. वर्षाला पाच हजार पौंड मिळाले तर मीही चांगली बाई होईन, असे तिला एकदा वाटते. तिच्यावर अन्याय झाला आहे, हे मी मान्य करतो. पण ती धाडसी आहे, शूर नाही. शूर माणसाला काहीतरी राखायचे असते.

जेनला राखायचे आहे. ती दहा वर्षांची असताना मामीला तोंडावर सुनावते. पुढे ती ज्याच्या घरी शिक्षिका असते, त्या रॉचेस्टरशी तिचे लग्न ठरते. त्याची पहिली बायको जिवंत असून त्याच घरात कोंडलेली आहे, हे चर्चमध्ये उघड होते. तरी तो तिला थांबायची विनवणी करतो. जेन त्याच्यावर जीव असूनही पहाटे घर सोडते. जवळचे वीस शिलिंग गाडीभाड्यात जातात, सामानाचे गाठोडे गाडीतच राहते आणि तिला उपाशी भटकावे लागते. नंतर तिचा आतेभाऊ सेंट जॉन तिला हिंदुस्तानी शिकवतो, कारण त्याला धर्मप्रसारासाठी भारतात यायचे असते आणि तिने बायको म्हणून बरोबर यावे अशी त्याची इच्छा असते. तिथेही ती नाही म्हणते. बहीण म्हणून येईन, बायको म्हणून नाही. काकाकडून तिला वीस हजार पौंडांचा वारसा मिळतो. त्याचे ती चार भाग करते आणि स्वतःपाशी पाच हजार ठेवते. बेकीला चांगले होण्यासाठी दरवर्षी जेवढे हवे होते, तेवढे जेनला आयुष्यभरासाठी पुरले.

मग जेनपेक्षा फॅनी शूर कशी?

फॅनीचा नकार कोणत्या परिस्थितीत आला ते कॅडेटने तरी नीट वाचावे, कारण त्यात नौदलातली एक बढती आहे. फॅनीचा लाडका भाऊ विल्यम हा रॉयल नेव्हीत मिडशिपमन आहे. मुलगा लायक आहे, पण वशिला नाही, म्हणून तो लेफ्टनंट होत नाही. त्या काळात नेव्हीत हे नेहमीचेच होते. ऑस्टिनला ते घरातूनच ठाऊक होते, कारण तिचे दोन भाऊ, फ्रान्सिस आणि चार्ल्स, नेव्हीत होते आणि पुढे दोघेही अ‍ॅडमिरल झाले. हेन्री क्रॉफर्ड नावाचा श्रीमंत तरुण आपल्या अ‍ॅडमिरल काकांचा शब्द खर्ची घालून विल्यमला लेफ्टनंट करतो. ही बातमी तो स्वतः फॅनीला सांगतो, आणि तिचा आनंद ओसरायच्या आत तिला लग्नाची मागणी घालतो.

आता फॅनीची बाजू पाहा. समोरचा माणूस पैसेवाला, गोड बोलणारा आहे. त्याने भावाचे आयुष्य मार्गी लावले आहे. ज्यांचे अन्न ती आठ वर्षे खात आली, ते तिच्या मावशीचे यजमान सर थॉमस बर्ट्रम दुसऱ्याच दिवशी तिच्या खोलीत येतात. तिने होकार दिलाच असणार, असे ते धरून चालतात. ती नाही म्हणते. ते कारण विचारतात, आणि कारण तिला सांगता येत नाही. दुसऱ्या माणसाशी लग्न ठरलेल्या त्यांच्याच मुलीशी, मरायाशी, हेन्रीने कसे चाळे केले ते फॅनीने पाहिलेले असते. ते सांगायचे म्हणजे त्यांच्या मुलींची अब्रू उघड्यावर आणायची. दुसरेही एक कारण आहे. तिचे मन मावसभाऊ एडमंडवर जडलेले आहे. (आपल्याकडे हे चालणार नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये चालत असे.) तेही बोलण्यासारखे नाही. म्हणून सर थॉमस तिला हट्टी आणि कृतघ्न म्हणतात. तुझ्या गरीब भावंडांचा तरी विचार कर, असे ऐकवतात. ती रडते, पण उत्तर बदलत नाही.

जेनने नकार दिला तेव्हा कायदा आणि धर्म तिच्या बाजूने होते. बायको जिवंत असताना दुसरे लग्न चुकीचे, हे कोणीही सांगितले असते. फॅनीच्या बाजूने कोणीच नव्हते, एडमंडसुद्धा नाही. जेनच्या स्वभावातच आग आहे आणि रागाच्या भरात माणूस अंगात नसलेले बळही आणतो. फॅनी भित्री आहे. थोडे चालली तरी दमते. सर थॉमस यांच्या पावलांचा आवाज ऐकला तरी तिच्या पोटात गोळा येतो. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे फॅनीला जो नकार द्यायचा होता तो दुष्ट माणसाला नव्हता. सर थॉमस काही मिसेस रीड नाहीत. ते तिचे खरोखर भले चिंतत होते. वाईट माणसाला नाही म्हणायला धैर्य लागते. आपल्यावर उपकार केलेल्या चांगल्या माणसाला नाही म्हणायला त्याहून जास्त लागते.

यावर एक आक्षेप मी स्वतःच मांडतो. पुढे हेन्री त्याच मरायाबरोबर, तिचे लग्न झालेले असताना, पळून जातो. म्हणजे फॅनीचा अंदाज बरोबर ठरला म्हणून आपण तिला शूर म्हणतो का? मला तसे वाटत नाही. ऑस्टिन शेवटी सांगते की हेन्री नीट वागत राहिला असता तर फॅनी कदाचित त्याची झालीही असती. म्हणजे फॅनीला भविष्य दिसत नव्हते. जेवढे डोळ्यांनी पाहिले, तेवढ्यावरच ती ठाम राहिली. तिचा नकार निकाल लागण्याआधीच बरोबर होता.

आणि ती अगदी मुकी आहे, हेही खरे नाही. सर थॉमस यांची अँटिग्वा बेटावर मालमत्ता आहे. एका संध्याकाळी फॅनी त्यांना गुलामांच्या व्यापाराविषयी विचारते आणि खोलीत कोणीच काही बोलत नाही. ब्रिटनने तो व्यापार १८०७ मध्ये कायद्याने बंद केला होता आणि ही कादंबरी १८१४ ची आहे. घरातल्या सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या मुलीलाच तो प्रश्न सुचला.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याला पहिल्या दिवसापासून आज्ञापालन शिकवतात आणि ते योग्यच आहे. फॉल-इनला प्रत्येकाने आपापले मत मांडले तर परेड होणार नाही. पण आज्ञा वेगळी आणि उपकाराची परतफेड वेगळी. क्रॉस कंट्रीत ज्या सीनियरने तुमच्याबरोबर धावून तुम्हाला शेवटपर्यंत आणले, तोच उद्या चौकशीत खोटे सांगायला सांगेल, तेव्हा तुम्ही काय कराल? तो वाईट असता तर प्रश्न सोपा होता. तो चांगला आहे, म्हणून अवघड आहे. एस.एस.बी.मध्ये जे पंधरा गुण पाहतात, त्यांत धैर्य आहे. माझ्या मते त्याची पहिली परीक्षा अशाच ठिकाणी होते आणि तिथे तपासायला कोणी नसते.

शेवटचे थोडे शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी. मला स्वतःला एन.डी.ए.ला जायचे आहे, म्हणून हे मी माझ्यासाठी लिहीत नाही. पण प्रत्येक वर्गात एखादा तरी असतो ज्याला जायचे नाही. तो ते बोलत नाही, कारण घरच्यांनी त्याच्यासाठी पोटाला चिमटा घेतलेला असतो आणि सरांनी रात्रीचा अभ्यास घेतलेला असतो. त्याने कधी धीर करून नाही म्हटले, तर पहिला शब्द 'कृतघ्न' येऊ देऊ नका. त्याची कारणे त्याला नीट सांगता येत नसतील, म्हणून ती नाहीतच असे समजू नका.

सर थॉमस यांनीही चुका केल्या. पैशाची किंमत कळावी म्हणून त्यांनी फॅनीला पोर्ट्समथला आईवडिलांच्या गजबजलेल्या घरी पाठवले आणि तिथे तिचे सुमारे तीन महिने गेले. पण त्यांची एक गोष्ट मला फार आवडते. ते फॅनीशी बोलायला आले, तेव्हा तिच्या खोलीत विस्तव नाही हे त्यांच्या लक्षात आले. त्यानंतर ती नाही म्हणाली, ते रागावले, खूप बोलले आणि निघून गेले. ती फिरून परत आली तेव्हा खोलीत विस्तव पेटलेला होता आणि रोज पेटवायचा, असा त्यांचा हुकूम होता. राग मनात असतानाही त्यांनी तो दिला होता. मोठ्यांकडून आमची अपेक्षाही एवढीच आहे.