वेअरवुल्फला तलवार लागत नाही, मग दरीत ढकललं तर?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचं नवं 'मॉन्स्टर मॅन्युअल' फेब्रुवारी २०२५ मध्ये बाजारात आलं. त्यातून एक जुनी ओळ गायब झाली आहे, आणि तिच्यावर दहा वर्षं वाद घालणाऱ्यांना आता करमेनासं झालंय.

आधी थोडं खेळाविषयी. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी तो आणला. सामान एवढंच: कागद, पेन्सिल, फासे. एक जण 'डीएम' म्हणजे डन्जन मास्टर होतो, गोष्ट सांगतो आणि राक्षसांच्या बाजूने खेळतो. बाकीचे आपापलं पात्र घेऊन लढतात. एखाद्या राक्षसाला 'रेझिस्टन्स' असेल तर त्या प्रकारचं नुकसान अर्धं होतं. 'इम्युनिटी' असेल तर शून्य.

२०१४ च्या पुस्तकातला वेअरवुल्फ, म्हणजे लांडगा होणारा माणूस, ठेचणं, भोसकणं आणि कापणं या तिन्हींना इम्यून होता. अट अशी की हल्ला बिनजादूचा हवा आणि हत्यारावर चांदी चढवलेली नसावी. म्हणजे हजार धनुर्धारी उभे केले तरी त्याच्या केसाला धक्का नाही.

सगळी गंमत 'हल्ला' या शब्दात आहे. सुरुवातीच्या छपाईत तिथे 'हत्यार' होतं. नंतरच्या दुरुस्तीत 'हल्ला' आलं आणि अस्वलाचा पंजा हे हत्यार मानायचं का, हा प्रश्न मिटला. पण नवा उभा राहिला. उंचावरून पडल्यावर होणारं नुकसान ठेचण्याच्याच प्रकारातलं. पण पडणं हा काही हल्ला नाही. म्हणून नियम अक्षरशः वाचला तर ज्याला तलवार लागत नाही, तो कड्यावरून ढकलला की जखमी होतो. सापळ्यातून सुटलेला बाण नेम धरण्याचा फासा टाकून मारला जातो, तो हल्ला, म्हणून वाया. त्याच गुहेत छतावरून दगड कोसळला आणि लांडग्याला फक्त अंग चोरायची संधी मिळाली, तर तो हल्ला नाही, म्हणून लागतो. हिरण्यकश्यपूच्या वरातली फट शोधणारी गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्यांना हे वाचन नवं वाटू नये. (आणखी एक: दोन वेअरवुल्फ आपसात भिडले, तर नियमाप्रमाणे युगानुयुगं चावत बसतील.)

हे सगळं मजेशीर वाटतं, पण भुर्दंड कोणाला पडायचा? तलवारवाल्याला. तिसऱ्या पातळीवरच्या योद्ध्याकडे जादूची तलवार नसते. एका हत्यारावर चांदी चढवायला १०० सुवर्णनाणी लागत. शेजारचा जादूगार मात्र आगीचे गोळे टाकत निवांत. तीन तासांच्या खेळात एक खेळाडू तासभर नुसता बघत बसतो, ही खरी अडचण होती. पुढे सगळ्यांकडे जादूची हत्यारं आली की हीच ओळ कागदावर उरायची. म्हणजे ती अडवायची फक्त नवख्यांना.

नव्या पुस्तकात वेअरवुल्फची ही इम्युनिटी काढली आणि त्याचे हिट पॉइंट्स वाढवले. साधी तलवार लागते, फक्त जास्त वेळा मारावी लागते. चांदीचं हत्यार उरलंय, पण रूप बदललेल्या प्राण्यावर वार 'क्रिटिकल' बसला तरच एक जादा फासा मिळतो. तो योग साधारण विसात एकदा. माझ्या मते इथे हात जरा जास्तच सैल सोडला. गावातल्या लोहाराकडे धावाधाव करण्यात जी गोष्ट होती, ती विसात एकदा येणाऱ्या फाशात नाही. २००३ च्या नियमांनी मधली वाट काढली होती: चांदी नसेल तर वेअरवुल्फवरच्या प्रत्येक वारातून ठरावीक नुकसान वजा. जोरदार वार तरी पोचायचा.

कोडी मात्र पूर्ण संपलेली नाहीत. आपल्याकडून नाव घेतलेला, वाघाच्या तोंडाचा आणि उलट्या तळहातांचा 'राक्षस' पाहा. २०१४ मध्ये सहाव्या पातळीपर्यंतचे मंत्र त्याच्या मर्जीशिवाय त्याच्यावर चालत नसत. मग मंत्राने घर पेटवलं आणि तो आत असला तर? मंत्र त्याच्यावर चालला नाही, पण जळतं घर म्हणजे मंत्र नव्हे. बहुतेक डीएम इथे आग लागू देतील, आणि ते योग्यच. नव्या पुस्तकातही 'ब्लेस' मंत्राखालच्या माणसाने हत्याराने भोसकलं, तरच त्याला दुप्पट लागतं. थोडक्यात, हत्याराचं कोडं सरसकट न ठेवता मोजक्या राक्षसांकडे दिलंय.

सध्या पंचाईत होतेय ती जुनी साहसं खेळणाऱ्यांची. २०१६ च्या 'कर्स ऑफ स्ट्राड'मध्ये वेअरवुल्फची अख्खी टोळी आहे. ते लिहिताना जुनी इम्युनिटी गृहीत होती, आणि आता टेबलावर नवं पुस्तक असतं. डीएमने कोणता लांडगा येणार हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. दोन्ही नको असतील तर इम्युनिटीच्या जागी रेझिस्टन्स ठेवावा: चांदीने पूर्ण लागेल, साध्या तलवारीने अर्धं.