तासाचा दर विचारतो, बकेट का विचारत नाही?



कारखान्याचा पट्टा पडला, खोडव्याचे पाचट आवरले, की आपल्या शिवारात जेसीबीची घरघर सुरू होते. कुणाचे सपाटीकरण, कुणाचा बांध, कुणाचा निचऱ्याचा चर, तर कुणाला तलावातला गाळ रानात ओढायचा असतो. यंत्रवाल्याला फोन लावला की आपला पहिला प्रश्न ठरलेला : "तासाला काय घेता?" दुसरा प्रश्न : "कधी येता?" तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही, की बाबा, बकेट कोणती लावून आणतोस? माझे स्पष्ट मत असे, की तासामागे पन्नास-शंभर रुपयांची घासाघीस करण्यापेक्षा या तिसऱ्या प्रश्नात जास्त पैसा आहे. आणि नुसता पैसा नव्हे, जमीन आहे.

माझाच अनुभव सांगतो. ओढ्याकाठचे माझे दीड एकर रान पाण्याने चोपण झाले. उसाची उगवण धड होईना. भूमिगत निचरा करायचे ठरविले, सच्छिद्र पाइप आणले. यंत्र आले ते नेहमीची दोन फुटी दातेरी बकेट घेऊन. मीही काही बोललो नाही. यंत्र वेळेवर आले यातच आनंद! पाइप चार इंची, आणि चर निघाला दोन फुटांच्या वर. खालची चुनखडीची पांढरट माती वर आली, ती वरच्या काळ्या मातीत कालवली गेली, आणि उरलेली सगळी रानावर पसरली. पाइप आपले काम करतो आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण चराच्या दोन्ही अंगांचे पट्टे दोन हंगाम पिवळे राहिले. त्यात यंत्रवाल्याचा दोष मी देत नाही. त्याने खोदायला सांगितले ते खोदले. विचारायचे काम माझे होते.

आता साधा हिशेब करा. चर हजार फूट लांब, चार फूट खोल. दोन फूट रुंद काढला तर माती निघते ८,००० घनफूट, म्हणजे ८० ब्रास. तोच एक फूट रुंद काढला तर ४० ब्रास. म्हणजे ४० ब्रास माती विनाकारण उकरायची आणि पुन्हा लोटायची. अरुंद बकेटीत माती कमी बसते, म्हणून वेळ निम्म्यावर येईल असे मी म्हणत नाही. पण उकरलेली माती निम्मी होते हे नक्की, आणि बुजविण्याचे काम तर निश्चित कमी होते. वरची फूटभर काळी माती एका अंगाला व खालची दुसऱ्या अंगाला ठेवून त्याच क्रमाने चर बुजविणेही सोपे जाते.

याचा अर्थ अरुंद बकेट सगळीकडे चांगली, असा नाही. एक फुटाच्या चरात माणसाला नीट उभे राहता येत नाही. पाइप वरूनच सोडावा लागतो आणि उतार दुर्बिणीने तपासावा लागतो. जिथे मोठा पाइप खोल टाकायचा व जोडणीसाठी माणूस उतरणार, तिथे चर रुंदच हवा, आणि कडा ढासळणार नाहीत याची व्यवस्थाही हवी. दोन पैसे वाचविण्यासाठी कुणाचा जीव धोक्यात घालू नये.

दात्यांचेही तसेच. कठीण मुरूम फोडायचा तर दाते पाहिजेत. पण जुना चर साफ करायला किंवा सपाटीकरणाला दातेरी बकेट लावली, की तळ उकरला जातो आणि रानात सऱ्या पाडल्यासारखे ओरखडे राहतात. त्यासाठी सरळ धारेची, रुंद व उथळ बकेट बरी. आपल्या काळ्या चिकट मातीत खोल व अरुंद बकेट लवकर रिकामीही होत नाही. माती आत चिकटून बसते आणि ड्रायव्हर बकेट आपटत राहतो. मीटर मात्र आपला चालू!

बकेट मोठी म्हणजे काम जास्त, हाही एक गैरसमज. कारखान्याच्या यार्डासाठी रबरी पट्ट्यांवर चालणारा लहान लोडर घ्यावा, अशी कुजबुज कानावर आहे. घ्यायचा तर अवश्य घ्या, पट्ट्यामुळे मऊ जमिनीवर भार पसरतो. पण या यंत्राचा एक नियम आहे. ज्या वजनाला ते पुढे कलंडते, त्याच्या ३५ टक्केच भार पट्ट्याच्या लहान लोडरने नेमाने उचलावा. चाकांच्या लहान लोडरला हे प्रमाण ५० टक्के धरतात. समजा, यंत्र २,००० किलोला कलंडते. मग भार ७०० किलो. मोकळा बगॅस घनमीटरला दीडशे किलोच्या आसपास भरतो, तेव्हा एक घनमीटरची बकेटही त्याला हलकीच. पण त्याच बकेटीत ओला मुरूम भरला तर वजन दीड टनाच्या वर जाते. म्हणजे नाकापेक्षा मोती जड! मुरमाला तिथे ०.४ घनमीटरची बकेट पुष्कळ झाली. म्हणून यंत्र खरेदी करताना बगॅसची बकेट वेगळी आणि मुरमाची वेगळी, असे दोन नग धरूनच दरपत्रक मागवावे.

आता सभासदांच्या सोयीचे सुचवतो. कारखान्याने जेसीबी घ्यावेत असे माझे म्हणणे नाही. यंत्रे गावोगाव झाली आहेत. पण एक फुटी चराची बकेट आणि चार-पाच फुटी बिनदात्यांची बकेट फारशी कोणी बाळगत नाही, कारण एकट्याला ती परवडत नाही. अशा दोन-तीन बकेटी शेतकी खात्याने घ्याव्यात आणि अनामत घेऊन दिवसाच्या भाड्याने द्याव्यात. एकट्याला न पेलणारा यंत्राचा खर्च सर्वांनी मिळून पेलायचा, याच विचाराने प्रवरेच्या काठी राज्यातला पहिला सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या अखेरीस त्याचे गाळप सुरू झाले. त्या मानाने दोन बकेटी म्हणजे काय मोठे?

कोणी म्हणेल, सगळ्या यंत्रांना एकच बकेट बसत नाही. खरे आहे. पिनांची जाडी व कानांमधले अंतर कंपनीगणिक वेगळे असते. म्हणून खरेदीपूर्वी आपल्या कार्यक्षेत्रातील यंत्रांची मापे घ्यावीत आणि जास्त चालणाऱ्या मापाचीच बकेट घ्यावी. कोणी म्हणेल, एका चरासाठी यंत्रवाला बकेट बदलत बसणार नाही. तेही खरे. म्हणून चिटबॉयमार्फत गटनिहाय याद्या कराव्यात आणि एका शिवारातले सगळे चर एकाच आठवड्यात उरकावेत. बकेट एकदा बदलली की आठ दिवस चालेल.

हे होईल तेव्हा होवो. तोवर यंत्र बांधावर येण्याआधी फोनवरच विचारा : बकेट किती फुटी, दातेरी की सरळ? विचारायला पैसा पडत नाही. न विचारल्याचा मी दोन हंगाम भरला आहे.

हा विषय येत्या वार्षिक सभेत घ्यावा, ही संचालक मंडळास नम्र विनंती. कळावे.

— एक ऊस उत्पादक सभासद