घरांतील दुसरें माणूस

गेल्या सुटींत मीं एक जुनें पुस्तक पुन्हां वाचलें, आणि शाळा सुरू झाल्यावर आपल्या सभागृहांत वरच्या वर्गांसमवेत एक चित्रपट पाहिला. पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचें 'स्मृतिचित्रें'. तें 1934 पासून भागाभागानें प्रसिद्ध झालें. चित्रपट परेश मोकाशी यांनीं 2009 सालीं काढलेला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. दोहोंचा एकमेकांशीं कांहीं संबंध आहे असें प्रथम मला वाटलें नव्हतें. पुढें जें घडलें त्यामुळें तो ध्यानांत आला, म्हणून विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं चार शब्द बोलावेसे वाटतात.

चित्रपटाचा विषय सर्वांस ठाऊक आहे. धुंडिराज गोविंद फाळके यांनीं 1911 सालीं मुंबईस ख्रिस्तचरित्रावरील मूक चित्रपट पाहिला, आणि आपले रामकृष्ण पडद्यावर असे चालते-बोलते कधीं दिसतील, या ध्यासानें त्यांस पछाडलें. चित्रें पाहून पाहून डोळ्यांस विकार जडला, तरी ध्यास सुटला नाहीं. विम्याचा कागद गहाण टाकून ते 1912 मध्यें विलायतेस गेले, कॅमेरा घेऊन परतले, आणि 3 मे 1913 रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. तारामतीच्या कामास बाई मिळेना, तेव्हां तें काम अण्णा साळुंके यांनीं केलें. हा भाग आला तेव्हां सभागृहांत जो हशा पिकला, तो अजून माझ्या कानांत आहे. दिग्दर्शकानें एवढा खडतर इतिहास हंसत खेळत सांगितला, हें त्याचें कौशल्य खरेंच.

दुसऱ्या दिवशीं मीं मुलांस 'या चित्रपटापासून मी काय शिकलों' असा निबंध घातला. चाळीस वह्या आल्या. चाळिसांतही फाळक्यांची चिकाटी होती, धैर्य होतें, स्वदेशाभिमान होता. सरस्वतीबाई फाळके मात्र एकाही वहींत नव्हत्या!

वास्तविक त्या चित्रपटांत त्या पदोपदीं दिसतात. त्यांनीं दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, आणि अंधाऱ्या खोलींत बसून कोऱ्या फितीस छिद्रेंही पाडलीं. हें शेवटचें काम केवढें असेल याचा हिशेब मीं फळ्यावर करून दाखविला. फितीच्या एका फुटांत सोळा चित्रें, आणि प्रत्येक चित्रास दोन्ही कडांना चार चार छिद्रें. म्हणजे फुटामागें एकशें अठ्ठावीस. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारें 3700 फूट. गुणाकार पावणेपांच लाखांच्या घरांत जातो. छिद्रें यंत्रानें पडत हें खरें, पण तें यंत्र अंधारांत चालविणारे हात कोणाचे तरी होतेच ना? वर्ग गप्प झाला. मागच्या बांकावरील एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, आणि मग चुलीपुढें."

दोष मुलांचा नाहीं. आम्हीं शिक्षकांनींच त्यांस थोरांचीं चरित्रें अशीं शिकविलीं आहेत कीं, थोर पुरुष जणूं एकटाच एका खोलींत जन्मला, वाढला आणि पुतळा होऊन बाहेर पडला.

'स्मृतिचित्रें' मला अमोल वाटतें तें याच कारणानें. आपल्या समाजांत कित्येकजण तें केवळ धर्मांतराच्या प्रकरणासाठीं वाचतात. माझ्या मतें हें अर्धेंच वाचणें होय. लक्ष्मीबाईंचा विवाह अकराव्या वर्षीं झाला, आणि अक्षरओळख झाली ती पुढें पतीकडून. 1895 सालीं टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां कांहीं वर्षें त्या दूर राहिल्या. किती रडल्या, हें त्या सांगतात. टिळकांचा शीघ्रकोप, आणि हातांत आलेला पैसा वाटून टाकून घर रिकामें करणारें औदार्य, यांतलें कांहींच त्या झांकीत नाहींत. स्वतःच्या फजितीवर तर त्या सर्वांच्या आधीं हंसतात. आश्चर्य असें कीं, पुस्तक मिटतांना टिळकांविषयींचा आदर तिळभरही उणा झालेला नसतो. उपासनेंत आपण ज्यांचीं पदें गातों ते कवि येथें आपणांस घरांत वावरतांना भेटतात, आणि अधिकच आपले वाटतात. जी मुलगी धुळाक्षरांपासून शिकली तिनें पुढें लेखणी उचलली, म्हणून हें आपणांस लाभलें. सरस्वतीबाईंची हकीकत आपणांस कळते ती बहुतेक दुसऱ्यांच्या तोंडून. त्या अंधाऱ्या खोलींत त्यांच्या मनांत काय येत असेल, याला त्यांच्या हातची साक्ष नाहीं.

येथें माझेंही एक सांगितलें पाहिजे. नोकरी संभाळून मीं पदवी मिळविली, तेव्हां माझा सत्कार झाला. आभाराच्या भाषणांत मीं गुरुजनांचे, मित्रांचे, ज्या ग्रंथालयांत बसलों त्याच्या शिपायाचेही आभार मानले. परीक्षेच्या फीसाठीं ज्या बांगड्या मोडल्या, त्यांची मला आठवणही झाली नाहीं. सौभाग्यवती पहिल्या रांगेंत बसली होती. तिनें तो विषय आजवर काढलेला नाहीं. आणि मीही या लेखापर्यंत काढला नव्हता.

पालकांस माझें एवढेंच विचारणें आहे. संध्याकाळीं मुलगा दिव्यापाशीं वही घेऊन बसतो, तेव्हां त्याची बहीण कोठें असते? "तिला आईस हातभार लावावा लागतो," हें उत्तर मला दर वर्षीं मिळतें. हातभार लागावाच, पण तो दोघांनींही लावावा, आणि दिव्यापाशींही दोघांनीं बसावें. भांडीं घासल्यानें मुलाचे गुण कमी झाल्याचें माझ्या वीस वर्षांच्या नोकरींत मीं पाहिलेलें नाहीं.

दिवाळीच्या सुटींत मीं निबंध बदलून दिला: आईस किंवा आजीस विचारून तिच्या आयुष्यांतील एक दिवस तिच्याच शब्दांत लिहून आणा. बऱ्याच वह्या भरून आल्या. एका मुलाच्या वहींत मात्र दीडच ओळ होती: आजी म्हणाली, माझ्यांत लिहिण्यासारखें काय आहे. मीं त्याला वही परत देऊन पुन्हां विचारावयास सांगितलें. आठ दिवसांनीं त्यानें ती आणली, तेव्हां अकरा पानें भरलीं होतीं, आणि शेवटीं त्यानें लिहिलें होतें: पुढील भाग आजीस वेळ मिळेल तेव्हां.