रुग्णाचा माणूस कोण?

बेशुद्ध रुग्णाच्या शस्त्रक्रियेचे संमतिपत्र पुढे करताना रुग्णालयात ठरलेला प्रश्न विचारला जातो : ‘पेशंटचे तुम्ही कोण?’ पती, पत्नी, मुलगा ही उत्तरे चालतात. विवाहाविना वर्षानुवर्षे सोबत राहिलेला जोडीदार किंवा एकट्या प्रौढेला सांभाळणारी मैत्रीण यांच्यापाशी मात्र खपेल असे उत्तर नसते. आजाऱ्याची शुश्रूषा विवाहाने मिळालेले कुटुंब करील, हे आपल्या व्यवस्थेने गृहीतच धरले आहे.

गंमत अशी की, शासन ज्या विवाहावर इतके विसंबते, त्यातून आजारी माणसाला बाहेर काढण्याची वाटही कायद्यानेच ठेवली. १९७६च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही हिंदू विवाहातील अपात्रता ठरली. ती वगळायला १९९९ साल उजाडले. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार १९८३पासून राष्ट्रीय कार्यक्रमात आले आणि रोग बरा होऊ लागला. घटस्फोटाचे कारण म्हणून तो कायद्यांतून निघाला २०१९मध्ये. औषध खेड्यापर्यंत आधी पोहोचले, संसदेत नंतर! गंभीर मानसिक आजार हे कारण आजही कायम आहे. सहजीवन असह्य झालेल्याला सुटका असू नये, असे नव्हे. पण मागे उरलेल्याचा माणूस कोण, याचा विचार त्या कलमांत नाही.

विवाहाविना एकत्र राहणाऱ्यांची स्थिती आणखी चमत्कारिक आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने विवाहसदृश नात्यातील स्त्रीला संरक्षण दिले. अवयव प्रत्यारोपण कायद्यातील ‘निकटच्या नातेवाइकां’त मात्र तिला स्थान नाही, जोडीदाराला मूत्रपिंड द्यायचे तर प्राधिकार समितीची परवानगी लागते. म्हणजे मार खाल्ला तर नाते मान्य, अवयव द्यायचा तर अमान्य.

उपाय कायद्याच्या पुस्तकातच आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार कोणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही वा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकते, आणि तो नातेवाईक असण्याची अट नाही. मनोरुग्णाला दिलेला हा अधिकार हृदयविकाराच्या किंवा पक्षाघाताच्या रुग्णाला का नसावा? परका माणूस इस्टटीच्या लोभाने नाव लावून घेईल, हा आक्षेप ठरलेलाच. नेमणूक केव्हाही रद्द करता येते. शिवाय इस्टटीवर डोळा ठेवणे ही परक्यांची मक्तेदारी नाही, हे महसूल खात्यात दिवस काढलेल्यांना सांगावे लागत नाही.

रुग्णालये हा राज्यसूचीतील विषय असल्याने केंद्राकडे बघत बसण्याचे कारण नाही. प्रवेश अर्जातील पती वा वडिलांच्या नावाच्या रकान्याखाली ‘रुग्णाने नेमलेली व्यक्ती’ असा आणखी एक रकाना छापून प्रारंभ करता येईल.