‘क्लॅट’ मराठीत हवी

हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठात विद्यार्थ्यांचा एक अभ्यासगट आहे: ‘सावित्रीबाई इंटरसेक्शनल स्टडी सर्कल’. जात, वर्ग आणि स्त्री-पुरुषभेद एकमेकांत कसे गुंतलेले असतात, हे ही मुलं कायद्याच्या पुस्तकांसोबत वाचतात. नांदेडहून येऊन इथे वकिली करणाऱ्या मला त्यांचा अभिमान वाटतो. घराबाहेर काढलेली बाई समोर बसते तेव्हा तिची जात, तिची अर्धवट शाळा, तिच्या नावावर काहीच नसणं, सगळं एकाच फायलीत येतं. ती फाईल वाचायला आम्हाला कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

पण सावित्रीबाईंचं नाव घ्यायचं तर आधी प्रवेशाचं दार पाहावं लागेल. नालसारमध्ये जायचं तर क्लॅट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि ती फक्त इंग्रजीत होते. क्लॅट 2026 च्या अर्जाचं शुल्क खुल्या वर्गाला 4000 रुपये, अनुसूचित जाती-जमातींना 3500 होतं. माझ्याकडे देगलूरची एक ज्युनियर आहे, मराठी शाळेत शिकलेली. साक्षीदाराची उलटतपासणी ती अशी घेते की कोर्ट कान देऊन ऐकतं. तिने क्लॅटचा अर्जच भरला नव्हता. महाराष्ट्राची विधी सीईटी मात्र मराठीतही देता येते; ती दिली, म्हणून आज ती वकील आहे. तेलंगणाची लॉसेट तेलुगू आणि उर्दूतही होते. सनदेनंतरची बार परीक्षासुद्धा मराठीत देता येते. मग क्लॅटलाच काय अडचण आहे?

उच्च न्यायालयांचं काम इंग्रजीत चालतं, हे खरं. ते इंग्रजी पाच वर्षांत शिकवता येतं. विद्यापीठ असतं कशासाठी? निजामाच्या काळात उस्मानिया विद्यापीठात कायदा उर्दूतून शिकवला जात होता. आमच्या नांदेडकडच्या तालुका कोर्टांत आजही साक्षी मराठीत होतात. प्रादेशिक भाषांतून क्लॅट घ्यावी, ही मागणी 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली. क्लॅट घेणाऱ्या विधी विद्यापीठांच्या संघाने तिला विरोध केला.

त्या संघात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली विधी विद्यापीठंही आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांनी, प्राध्यापकांनी आणि महाराष्ट्र सरकारनेही आता हा आग्रह धरावा. नालसारच्या मुलांनीही आपल्या वाचनाच्या यादीत क्लॅटची नियमावली घ्यावी आणि कुलगुरूंकडे हीच मागणी लेखी द्यावी.